ओकखालची अळंबी: दांडा कापलात, वाटी जमिनीतच राहिली

मेलबर्नच्या बागेत ओकखाली अळंबी मिळाली, कोकणातून आलेल्या आई ती ओळखीची म्हणतात, भाजी करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. फोटोवरून छातीठोक नाव सांगता येत नाही, पण हिरवट-पिवळी छत्री, खाली पांढऱ्या पट्ट्या, दांड्याला झालर आणि वर ओक ही सगळी डेथ कॅप या जीवघेण्या विषारी अळंबीची लक्षणं आहेत. मूळची युरोपातली ही अळंबी ओकच्या मुळांशी जोडून वाढते.

फोटोत दांडा सुरीने कापलाय, घोळ तिथेच झाला. मुख्य खूण मातीत असते: फुगीर बुंधा आणि त्याभोवती फाटक्या पिशवीसारखी पांढरी वाटी. झालर पावसाने गळते, छत्रीचा रंग उडतो. म्हणून बाजूची माती उकरून अख्खी उपटायची. वाटी नाही दिसली तरी खायची नाहीच, ती तुटून मागे राहिलेली असू शकते.

आईंची ओळख खरी आहे, पण ती वारुळावरच्या अळंबीची. तिचा दांडा मुळासारखा खोल वारुळात उतरतो. लसूण काळी पडते का, किड्यांनी खाल्लीय का, या परीक्षा इथे साफ फसतात. गोगलगायी हीच अळंबी मजेत खातात. शिजवून, वाळवून, गोठवूनही विष जात नाही.

कुणी खाल्ली असेल तर उलटीची वाट बघू नका, लगेच १३ ११ २६ या ऑस्ट्रेलियातल्या विषबाधा हेल्पलाइनला फोन करा. त्रास साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतो, म्हणजे रात्री जेवलेला माणूस सकाळच्या पोह्यांना दोष देतो. मग जुलाब थांबतात, एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. आम्हाला सर्वात महाग पडला तो हाच दिवस: एका दवाखान्याने 'पोट बिघडलंय, आता उतार आहे' म्हणून आमच्या माणसाला घरी पाठवलं. मी डॉक्टर नाही, पण एवढं हट्टाने सांगेन. 'अळंबी खाल्ली, अमुक वाजता' हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि यकृताची तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावा, एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून उठू नका. उरलेले तुकडे कागदी पिशवीत न्या, प्लास्टिकमध्ये ते सडतात.

नुसता हात लागल्याने विष चढत नाही, साबणाने धुतले की झालं. पण ती अळंबी फ्रीजमध्ये असेल तर आत्ताच काढा, सकाळच्या घाईत कुणीतरी चिरून टाकेल.