लेवीयापाशी अडकलेली खूण

पत्र: मावशी, सलाम. मी 36 वर्षांची, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. घरात नवरा, दोन मुलं, सासूबाई. दर 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वहीत वर्षाची ध्येयं लिहिते. यंदाची अशी: वर्षभरात अख्खं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, रोज पहाटे 5 ला उठून प्रार्थना, 8 किलो वजन कमी, महिन्याला 2,000 शिल्लक. या वेळी तर महिला मंडळात उभं राहून सगळ्यांसमोर बोलले. फेब्रुवारीत शास्त्रातल्या तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयापाशी, गाडी अडली. मोबाईलवरच्या बायबल ॲपमध्ये सलग 41 दिवस झाले होते. एका नाइटनंतर तशीच झोपून गेले आणि आकडा शून्यावर आला. तेव्हापासून उघडलंच नाही. शास्त्रातल्या उपदेशक या पुस्तकात लिहिलंय की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. प्रभूला दिलेला शब्द मी दरवर्षी मोडते. मी ढोंगी आहे का?
– एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय मुली,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. ढोंगी माणूस मोडलेल्या शब्दासाठी असा झुरत नाही, तेव्हा ते आधी मनातून काढून टाक.

तुझी खरी अडचण त्या ‘नवस’ शब्दात आहे. उपदेशकाचा पाचवा अध्याय देवाच्या मंदिरात जाऊन बोललेल्या नवसाबद्दल आहे. तू वहीत लिहिलीस ती योजना. योजनेबद्दल नीतिसूत्रांच्या 16 व्या अध्यायात वेगळंच सांगितलंय: माणूस मनात आपला मार्ग योजतो, पण त्याची पावलं परमेश्वर नेतो. म्हणजे योजना बदलणार, अडणार, हे त्यात धरलेलंच आहे. तू प्रत्येक ध्येयाला नवस केलंस, त्यामुळे एक दिवस चुकला की तुला ते पाप वाटलं. आणि मग ज्याच्याशी बोलायचं त्याच्याचपासून तू लपायला लागलीस. 41 दिवस वाचलेलं कुठे गेलं? ॲपचा आकडा शून्य झाला, पण उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं तुझ्या आत आहेतच ना?

त्या निर्गमातला 16 वा अध्याय पुन्हा आठव. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तो रोजच्यापुरता. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे. लोकांनी वर्षाचा शिधा एकदम भरावा असं परमेश्वराला वाटलं नाही. रोज सकाळी उठून त्या दिवसापुरतं गोळा करायचं, बस. काल गोळा करायला उशीर झाला म्हणून आज मिळणार नाही, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

आता पहाटे 5 चं बघू. हे ध्येय मी तुझ्या वहीतून खोडून टाकते आहे. मंडळात कुणी नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री दाखवेल, ती रात्र सरायच्या आत उठते म्हणून. त्याच 15 व्या वचनात तिच्या दासींचाही उल्लेख आहे. तिच्या हाताखाली माणसं होती. तुझ्या हाताखाली कोण आहे? नाइट करून आलेल्या सकाळी मुलांचे डबे नवऱ्याने भरायला हवेत, आणि हे तू त्याला संकोच न करता सांग. प्रार्थनेला वेळ नाही असं बाई म्हणते तेव्हा बहुतेक वेळा तिला विश्वास कमी नसतो, हात कमी असतात. आणि 127 वं स्तोत्र उघडून बघ. पहाटे उठणं आणि रात्री उशिरापर्यंत कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, असं तिथे चक्क म्हटलंय. झोप हे देवाचं देणं आहे. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. कामाचं बोलणं नंतर.

शिफ्ट बदलणाऱ्या बाईने सवय घड्याळाला बांधू नये, कामाला बांधावी. कधी डे, कधी नाइट, पण घरी आल्यावर हातपाय धुऊन तू चहा टाकतेसच ना? चहाला उकळी येईपर्यंत एक परिच्छेद वाच. तेवढाच. माझं शास्त्र गेली कित्येक वर्षं ओट्याशेजारच्या फळीवर असतं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पानांवर हळदीची बोटं उमटली आहेत, एका कोपऱ्यावर दुधाचा डाग आहे. माझे मालक आजारी होते त्या वर्षी मला प्रार्थनेला शब्दच सुचत नव्हते. कणीक मळताना प्रभूची प्रार्थना म्हणायची, एवढंच जमलं. तेवढ्यावर मी तरले.

सवय लागायला किती दिवस लागतात, याचाही अभ्यास झालाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या 12 आठवडे नोंदी ठेवल्या. प्रत्येकाने रोज एक साधी गोष्ट ठरलेल्या प्रसंगी करायची होती, जसं जेवणासोबत फळ खाणं. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं, पण कुणाला 18 पुरतात, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. तुझ्या कामाचं म्हणजे, मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत त्यांनी अख्खं शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणलं. वर्षानुवर्षं ते काम चाललं होतं. 1922 मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ छापून पूर्ण झाला 1924 मध्ये. त्याचे छपाईचे खिळे जुळवले मुक्तीतल्या बायकांनी, एकेक अक्षर उचलून. वर्षाचं ध्येय म्हणून हे काम कुणाच्या वहीत मावलंच नसतं.

पैशांचं सोपं आहे. चर्चला द्यायचा दशांश जसा पगाराच्या दिवशीच बाजूला काढतेस, तसं त्याच दिवशी बँकेत रिकरिंगमध्ये जाऊ दे. मग रोज मनाशी भांडायला नको. वजनाचं सध्या राहू दे. झोप पुरी झाली की त्याचं बघू.

मंडळात सगळ्यांसमोर बोललीस त्याचं ओझं वाटतंय हे मला कळतं. त्यांच्यातलीच एक निवड, जिच्यासमोर रडू शकशील अशी. दोघींनी एकमेकींना दिवसातून एकच शब्द पाठवायचा: वाचलं. नाही वाचलं तर तेही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र नको, तिथे हजेरीपट होतो. पडलेल्याला उठवायला दुसरा हवा, हेही उपदेशकानेच म्हटलंय, चौथ्या अध्यायात.

आणि लेवीयातली खूण आहे तिथे राहू दे. शास्त्राचे अध्याय 1,189 आहेत, ते एका वर्षात संपवायलाच हवेत असं कुणी सांगितलेलं नाही. आजपासून मार्क काढ, 16 च अध्याय आहेत. सहाव्यात 31 वं वचन येईल. लोकांची ये-जा इतकी की शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा येशू त्यांना काय म्हणाला ते तिथे आहे. मी इथे लिहीत नाही. चहा उकळत असताना तू स्वतः वाच आणि मला कळव.

तुझी,
मावशी