चार रिचार्ज, एक फायबर, एक लँडलाइन: फॅमिली पोस्टपेड घ्यावा का?

प्रश्न (नाशिकहून): घरात चार मोबाइल आहेत, प्रत्येकाला २८ दिवसांचा ३४९ रुपयांचा रिचार्ज. शिवाय फायबर ब्रॉडबँड आणि एक जुनी लँडलाइन (कर धरून महिना २५०). मोबाइल कंपनी चौघांसाठी ११९९ रुपयांचा फॅमिली पोस्टपेड देते आहे, म्हणजे महिना १९७ रुपये वाचतात. घेऊ का? आई घरीच असते. बाबा बाहेर पडतात, यूपीआय वापरतात.

उत्तर: एवढ्यात घेऊ नका. तुमच्या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या आहेत, आणि त्यांची दिशा उलटसुलट आहे.

पहिली, २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे १३ रिचार्ज होतात. माणशी ४,५३७ रुपये, चौघांचे १८,१४८. दुसरी, प्रीपेडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत सहसा नसतो. तुमचे ११९९ बिलावर १,४१५ होतील, वर्षाचे १६,९७८. म्हणजे बचत २,३६४ नाही, १,१७० रुपये. तेवढ्यासाठी चार नंबर एका बिलाला बांधू नयेत.

खरी गळती वेगळीच आहे. घरात वायफाय असताना आईच्या फोनवर रोजचा डेटा भरला जातो आणि रात्री बाराला वाया जातो. चारही फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या ३० दिवसांचा मोबाइल डेटा वापर बघा. वायफायचा आकडा वेगळा दिसतो, तो धरू नका.

आईसाठी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक घ्या. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि मुदतीची मर्यादा ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. अ‍ॅपमध्ये हा पॅक सहसा पहिल्या पानावर दिसत नाही, खाली शोधावा लागतो. वर्षाचे साधारण १,८५० रुपये धरा. भरण्याआधी त्या दिवसाचा दर बघा. फोनमधला मोबाइल डेटा बंद ठेवा आणि वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे आतल्या खोलीत रेंज नसली तरी फोन लागतो.

बाबांना हा पॅक देऊ नका. भाजीवाल्यासमोर क्यूआर स्कॅन होईना, की वाचलेले पैसे कोणालाच आठवणार नाहीत. त्यांच्यासाठी ८४ दिवसांचा, पूर्ण मुदतीला मिळून ६-७ जीबी देणारा पॅक बघा. ५५० च्या आसपास पडला तर वर्षाला २,४०० रुपये. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मोबाइल डेटावरचं ऑटो-डाउनलोड मात्र बंद करा, नाहीतर सुप्रभातचे व्हिडिओच सगळा डेटा खातील.

दोघांचे मिळून सुमारे ४,८०० रुपये वाचतात. तुमचे दोघांचे पॅक वापराचे आकडे बघेपर्यंत आहेत तसेच राहू द्या.

स्वस्त पॅक दुसऱ्या कंपनीत असेल तर पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, पण चालू पॅक संपत आल्यावरच. उरलेली मुदत आणि शिल्लक नव्या कंपनीत येत नाही. PORT लिहून, जागा सोडून नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा (शब्द इंग्रजी अक्षरांतच). येणारा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.

लँडलाइनचे वर्षाला ३,००० जातात. तुमच्या फायबर प्लॅनमध्ये कॉलिंग आहे का ते विचारा. असेल तर जुना फोन मोडेमच्या फोन पोर्टला लावता येतो. फायबर दुसऱ्या कंपनीचं असेल तर नंबर मात्र बदलेल, कारण लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट होत नाही. म्हणून आधी बँक, गॅस एजन्सी, विमा आणि सोसायटीत नवा नंबर नोंदवा, मग बंद करण्याचा अर्ज द्या. अर्जावर पोच घ्या आणि अनामत रक्कम परत मागा; ती आपणहून क्वचितच येते. वीज गेल्यावर फायबरचा मोडेम बंद पडतो, तांब्याच्या तारेवरची लँडलाइन सहसा चालू राहते. आईबाबा दुपारी एकटे असतील तर मोडेमसाठी छोटा यूपीएस घ्या, त्याचा खर्च पहिल्याच वर्षाच्या बचतीत बसेल.