क्रोशाच्या कडा आत का येतात?

प्रश्न : मी नुकतेच क्रोशाचे विणकाम शिकू लागले आहे. खांबांची (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांची) सरळ पट्टी विणायला घेते, पण दहा-बारा ओळींत तिचा त्रिकोण होतो. टाके घट्ट पडतात म्हणून असे होते का?

उत्तर : घट्ट टाक्यांनी कापड आखडते, त्रिकोण मात्र टाके गळाल्याने होतो. ओळ उलटवताना आपण ज्या 3 साखळ्या घालतो, त्या नव्या ओळीतला पहिला खांब म्हणून धरल्या जातात. परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्यांतल्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा असतो आणि नवशिक्यांकडून नेमका तोच राहून जातो. त्या साखळीत खूण म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. सरावासाठी 22 साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब घालायला सुरुवात करा, म्हणजे सोडलेल्या 3 साखळ्यांचा एक खांब धरून ओळीत 20 खांब होतील. प्रत्येक ओळीनंतर ते मोजा, कंटाळा आला तरी. लोकर फिक्या रंगाची, मध्यम जाडीची घ्यावी. काळ्या लोकरीवर अनुभवी हातही चुकतात! पायाची, म्हणजे सुरुवातीची साखळी फारच आवळत असेल, तर तेवढ्यापुरती 4 मिमीऐवजी 5 मिमीची सुई वापरावी.