वाचकांचे प्रश्न : जॅम बार आणि त्यातले पाणी

गेल्या अंकात फळांच्या जॅमचे बार घरी भाजण्याची कृती दिली होती. तिच्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी कृती थोडक्यात पुन्हा देतो. २५० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा बेकिंग पावडर चाळून घ्यावी आणि त्यात १५० ग्रॅम थंड बटर बोटांच्या टोकांनी चोळावे. या मिश्रणाचा दोन तृतीयांश भाग २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात दाबून बसवावा आणि १८० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटे भाजावा. त्यावर २५० ग्रॅम जॅम पसरावा, उरलेला चुरा वरून भुरभुरावा आणि पुन्हा २५ ते ३० मिनिटे भाजावे. यात अंडे लागत नाही.

प्रश्न : घरच्या पपईचा जॅम वापरून बार केले. भाजताना जॅम उकळून कडांवरून बाहेर आला, साच्याला चिकटून काळा पडला आणि खालचा थर शिऱ्यासारखा ओला राहिला. पीठ बिघडले की ओव्हन? मुलांसाठी म्हणून साखर कमी ठेवली होती. किलोभर गराला अर्धा किलो. (शहादा)

उत्तर : पीठ आणि ओव्हन दोन्ही निर्दोष आहेत. आपल्या जॅममध्ये पाणी जास्त राहिले आहे. असा जॅम पोळीला लावून खाताना काही जाणवत नाही, मात्र ओव्हनमध्ये तो तापला की आधी पातळ होतो आणि मग त्यातले पाणी उकळू लागते. त्यातले काही वाफ होऊन जाते, तर काही खालच्या कच्च्या पिठात मुरते, आणि पाण्यात भिजलेला मैदा खुसखुशीत भाजला जात नाही.

बाजारात विकल्या जाणाऱ्या जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावेत असा आपल्याकडील अन्नसुरक्षा नियम आहे, आणि घरच्या जॅमसाठीही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. तो मोजण्यासाठी उपकरणाची गरज नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पिकलेल्या पपईच्या एक किलो गरात घन भाग साधारण ११० ग्रॅम असतो आणि बाकी सारे पाणी. त्यात ५०० ग्रॅम साखर घातली की घन पदार्थ झाले ६१० ग्रॅम. हे ६१० ग्रॅम जेव्हा एकूण वजनाच्या ६५ टक्के होतील, तेव्हा पातेल्यातला जॅम सुमारे ९४० ग्रॅम उरलेला असेल. म्हणजे दीड किलो मिश्रण आटवून ९४० ग्रॅमवर आणायचे आहे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी टिपून ठेवावे आणि जॅम दाट वाटू लागला की पातेल्यासकट काट्यावर ठेवून पाहावे. नुसत्या अंदाजाने आपण बहुधा हजार-अकराशे ग्रॅमवरच गॅस बंद केला असावा. साखर ७०० ग्रॅम घेतली असती, तर साडेबाराशे ग्रॅमवरच जॅम तयार झाला असता. साखर कमी घालण्याला माझी हरकत मुळीच नाही. फक्त तितके जास्त आटवावे लागते, आणि जास्त आटवल्याने पपईचा केशरी रंग थोडा काळपटतो, हे स्वीकारून कमी घालावी.

बरणीत आत्ता जो जॅम शिल्लक आहे, तो टाकून देऊ नये. ३०० ग्रॅम जॅम स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात काढून त्यात चमचाभर लिंबाचा रस घालावा आणि मंद आचेवर सतत ढवळत तो २५० ग्रॅम होईपर्यंत आटवावा. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बशीवर एक थेंब टाकून मिनिटभराने बोटाने हलकेच ढकलला असता थेंबावर सुरकुत्या पडल्या, तर जॅम बारसाठी योग्य झाला. तो पूर्ण गार करूनच पसरावा आणि चारही कडांना बोटभर जागा मोकळी ठेवावी, कारण तापल्यावर तो आपणहून तेवढा पसरतो. अर्धवट भाजलेल्या थरावर जॅमच्या आधी चमचाभर बारीक रवा भुरभुरला तर उरलासुरला ओलावा रवा शोषून घेतो आणि खाताना तो दाताखाली येतही नाही.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. घडातून सुटलेली केळी घरात नेहमीच पडून असतात. त्यांचा जॅम करून बारमध्ये घालता येईल का? एकदा केला तो काळपट आणि चिकट झाला, घट्ट बसलाच नाही. (रावेर)

उत्तर : रावेर-यावलकडच्या प्रत्येक घरातला हा प्रश्न असावा. केळीचा जॅम होतो आणि चांगला होतो, परंतु केळे हे जॅमच्या दृष्टीने सरळ फळ नव्हे. जॅम घट्ट बसण्यासाठी पेक्टिन (फळातला गोठवणारा घटक), आंबटपणा आणि साखर या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. केळ्यात गोडी भरपूर असते, आंबटपणा मात्र जवळजवळ नसतोच, आणि साल काळी पडेपर्यंत पिकलेल्या केळ्यातले पेक्टिनही बरेचसे तुटून गेलेले असते. आपला जॅम चिकट होऊनही बसला नाही, त्याचे कारण हेच. आंबटपणा नसेल तर असा जॅम टिकतही नाही, म्हणून केळीच्या जॅममध्ये लिंबू ही चवीपुरती गोष्ट मानू नये.

उणीव भरून काढायला आपल्याच भागातला पेरू पुरेसा आहे. दोन-तीन अर्धवट पिकलेले पेरू बियांसकट चिरून, बुडतील इतक्या पाण्यात वीस मिनिटे मंद शिजवावेत आणि पातळ फडक्यातून न पिळता गाळून घ्यावेत. पिळले तर रस गढूळ होतो. किंचित बुळबुळीत लागणारा हा रस म्हणजेच पेक्टिनचे पाणी. आता साल पूर्ण पिवळी झालेली, पण मऊ न पडलेली केळी सोलावीत आणि सोलताक्षणी दोन मोठ्या लिंबांच्या रसात कुस्करावीत. कापलेले केळे हवेने काळे पडते आणि लिंबू ते रोखते. नंतर पातेल्यात लिंबू घालून गेलेला रंग परत येत नाही. ५०० ग्रॅम कुस्करलेल्या केळ्याला २०० मिलिलिटर पेरूचा रस आणि ३०० ग्रॅम साखर घ्यावी. हे किलोभर मिश्रण ६५० ग्रॅमच्या आसपास आले की थांबावे. केळ्याचा गर बुडाला पटकन लागतो आणि उकळताना त्याचे थेंब दूरवर उडतात, म्हणून पातेले उंच घ्यावे आणि लांब दांड्याचा उलथनाच वापरावा. अतिपिकलेल्या केळ्याचा सुगंध मात्र वेगळाच असतो. तो हवा असेल तर पाचांत एक केळे तसे घ्यावे.

रंग तरीही बाटलीतल्या जॅमसारखा लाल-पिवळा येणार नाही, फिकट तपकिरीच राहील. एखादी वेलची कुटून घातली तर चव खुलते. लवंग-दालचिनी मी घालणार नाही, त्यांच्यापुढे केळे हरवते.

प्रश्न : बटरऐवजी घरचे साजूक तूप तेवढ्याच वजनाने घातले. बार तेलकट झाले आणि हातात घेताच फुटले. (अमळनेर)

उत्तर : बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून १५० ग्रॅम बटरच्या जागी १२० ग्रॅम तूप आणि दोन मोठे चमचे थंड दूध घ्यावे. जॅममधले जे पाणी आपण वर आटवायला सांगितले, तेच इथे थोडेसे हवे असते, कारण त्याच्याशिवाय मैद्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. तूप फ्रीजमध्ये रवाळ घट्ट करूनच वापरावे. बाजारचे खारवलेले बटर घेत असाल, तर कृतीतले मीठ वगळावे.

प्रश्न : मे महिन्यात चुरा होतच नाही. पिठाचा एकजीव गोळा होतो आणि वरचा थर भाजल्यावर दगडासारखा लागतो. (भुसावळ)

उत्तर : भुसावळच्या उन्हाळ्यात हे व्हायचेच. बटर ३२ ते ३५ अंशांवर वितळते आणि आपल्या स्वयंपाकघरात दुपारी त्याहून अधिक तापमान असते. वितळलेले बटर पिठात मुरले की चुऱ्याचे सुटे कण राहत नाहीत. हे काम पहाटे करावे. पीठ आणि परात दोन्ही आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवावीत. बटरचे लहान तुकडे करून तळहात न लावता फक्त बोटांनी चोळावेत. एवढे करूनही गोळा झालाच, तर वरच्या थराचा भाग कागदात गुंडाळून तासभर बर्फाच्या कप्प्यात घट्ट करावा आणि जाड किसणीवर थेट जॅमवर किसावा. हा किसलेला थर मला हाताने भुरभुरलेल्या चुऱ्यापेक्षाही देखणा वाटतो, त्यामुळे हिवाळ्यातही असे करायला हरकत नाही.

प्रश्न : मैदा पूर्ण टाळून दादर ज्वारीच्या पिठाचे बार होतील का? (चोपडा)

उत्तर : पूर्ण ज्वारीचे केले तर कापताना भुगा होईल, कारण ज्वारीच्या पिठाला मैद्यासारखा चिवटपणा नसतो. खालचा थर मैद्याचा किंवा कणकेचा ठेवावा आणि वरच्या चुऱ्यात ५० ते ६० ग्रॅम दादरचे पीठ कोरडे भाजून मिसळावे. त्यात मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट घातले, तर पेरूच्या किंवा चिंचेच्या आंबटगोड जॅमबरोबर ते फार छान लागते.

प्रश्न : घरी ओव्हन नाही. कढईत जमेल का? (तळोदा)

उत्तर : जमते. जाड कढईत मिठाचा बोटभर थर देऊन त्यावर तिवई ठेवावी, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवावी आणि मगच साचा आत ठेवावा. खालचा थर उत्तम भाजतो. अडचण वरची आहे : झाकणाखाली वाफ कोंडते, वरून धग लागत नाही आणि चुरा पांढरट, ओलसर राहतो. म्हणून चुरा वेगळ्या तव्यावर मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतून घ्यावा, खालचा थर पूर्ण भाजून झाल्यावर जॅम पसरावा, त्यावर हा चुरा दाबून बसवावा आणि फक्त दहा मिनिटे झाकण किंचित तिरके ठेवून कढईत ठेवावे. जॅम इथे नेहमीपेक्षाही दाट हवा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे बार होत नाहीत. त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय लागते.

जवळ भट्टीची बेकरी असेल तर तिथेही विचारावे. रवा, तूप, साखर नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची रीत आपल्याकडे होतीच, आणि सकाळचे पाव निघाल्यानंतर उतरत्या धगीची भट्टी बारना मानवते. साचा थेट भट्टीच्या तळावर न ठेवता दुसऱ्या पत्र्यावर ठेवायला सांगावे, नाहीतर तळ करपतो.

प्रश्न : मुलगी पुण्याला वसतिगृहात असते. तिला बार पाठवायचे आहेत. ते किती दिवस टिकतात आणि नीट कसे कापावेत? (साक्री)

उत्तर : गरम असताना सुरी लावू नये. साचा पूर्ण थंड होऊ द्यावा, त्यानंतर उन्हाळ्यात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा आणि साच्यात आधी अंथरलेल्या कागदाच्या कडा धरून संपूर्ण वडी बाहेर काढून कापावी. प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसावी. घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवले तर कोरड्या हवेत बार चार-पाच दिवस चांगले राहतात. पावसाळ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी ते मऊ पडतात. प्रवासासाठी बार लहान कापावेत आणि डबा गच्च भरावा, कारण मोकळी जागा राहिली की चुरा गळतो. फ्रीजमध्ये साठवून ठेवण्याची सवय असेल, तर खाण्याआधी १५० अंशांवर आठ-दहा मिनिटे गरम करून पुन्हा थंड होऊ द्यावेत. वरचा थर पूर्ववत खुसखुशीत होतो.