घरात लाकडाची बंद शेगडी बसवायची आहे, काय काळजी घ्यावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. काचेच्या दाराची लोखंडी शेगडी स्वतः बसवता येईल का, तिचा पाइप मागच्या भिंतीतून सरळ आडवा बाहेर काढला तर चालेल का, आणि थंडीत ती रात्रभर धुमसत ठेवता येईल का. मी शेवटून सुरुवात करतो. रात्रभर धुमसत ठेवू नका. आडवा पाइप काढून सोडून देऊ नका. आणि हाताला कितीही कसब असलं तरी बसवण्याचं काम जाणकाराकडून करून घ्या, निदान पहिल्यांदा पेटवण्याआधी त्याच्या नजरेखालून तरी घाला. बांधकामाचे स्थानिक नियम आणि घराच्या विम्याच्या अटी त्याआधीच बघून ठेवा.

शेगड्या बसवणं आणि धुराडी साफ करणं हा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक येतं तेव्हा शेगडीचा रंग, काच, पाय सगळं पसंत झालेलं असतं. धुराड्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "तो पाइपच ना, टाकू की कुठूनही." इथेच घोळ होतो. शेगडी स्वतः धूर बाहेर टाकत नाही, धुराडं तो ओढून नेतं. गरम धूर हलका म्हणून वर चढतो आणि त्याच्यामागे दाराच्या झडपेतून ताजी हवा आत खेचली जाते. ही ओढ मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते, धुराड्याची उंची आणि आतल्या धुराची ऊब. पाइप भिंतीबाहेर काढून तिथेच तोंड सोडलं तर उंची काहीच मिळत नाही, आणि वारा समोरून आला की सगळा धूर खोलीत.

म्हणून शक्य असेल तर पाइप सरळ वर, छतातून. भिंतीतून न्यायचाच असेल तर आडवा तुकडा होईल तितका आखूड ठेवा, त्याला मीटरमागे निदान दोन सेंटिमीटर चढ द्या आणि बाहेर पडल्यावर लगेच उभं धुराडं घ्या. एकूण उंची साधारण साडेचार मीटरच्या खाली जाऊ देऊ नये. वरचं टोक छतातून जिथे बाहेर येतं तिथून किमान 90 सेंटिमीटर वर हवं, आणि आजूबाजूला 3 मीटरच्या आत जे काही असेल, छताचा माथा, शेजारची भिंत, त्यापेक्षा किमान 60 सेंटिमीटर उंच हवं. भिंतीतून किंवा छतातून जाणारा भाग एकेरी पत्र्याचा कधीच नको. तिथे दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक भरलेला तयार धुराड्याचा तुकडाच लागतो. बाहेर उघड्यावर असलेला भागही तसाच हवा, नाहीतर धूर वर पोचेपर्यंत गार होतो आणि ओढ मरते. दुसऱ्या कुठल्या उपकरणाचा पाइप याच धुराड्यात जोडू नका.

पाइपबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. जस्त 420 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि तापलेल्या मुलाम्याची वाफ छातीत जाणं बरं नाही. दुसरी गोष्ट सांध्यांची. वरच्या तुकड्याचं निमुळतं तोंड खालच्या तुकड्याच्या आत बसलं पाहिजे. पावसाच्या पन्हळीची सवय असलेल्याला हे वेगळं वाटत नाही, पण पुष्कळजण "धूर वर जातो ना" म्हणून नेमकं उलटं जोडतात. मग आत थिजलेलं डांबरी पाणी सांध्यातून पाझरून पाइपवर काळे ओघळ येतात. बरोबर जोडलं तर ते परत शेगडीत पडून जळून जातं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा.

आता भिंत. किती अंतर सोडायचं ते शेगडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि त्यात घासाघीस नाही. पुस्तिकाच नसेल तर जळू शकेल अशा कुठल्याही वस्तूपासून शेगडी 90 सेंटिमीटर लांब आणि एकेरी पाइप 45 सेंटिमीटर लांब धरतात. पडदे, सोफा, लाकडाचा ढीग, वाळत घातलेले कपडे, सगळे यात आले. एका घरी शेगडीमागच्या भिंतीला छान टाइल्स लावलेल्या होत्या आणि त्या भरवशावर शेगडी अगदी जवळ सरकवलेली. एक टाइल सैल झाली होती, ती काढून बघितली तर मागचं प्लायवुड काळं पडलेलं, बोटाने दाबलं की चुरा होत होता. टाइल स्वतः जळत नाही हे खरं, पण उष्णता आरपार जाऊ देते. आणि महिनोन् महिने भाजलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं, म्हणजे पहिली दोन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ पुढे होणार नाही असा नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. भिंतीपासून 25 मिलिमीटर अंतर ठेवून पत्रा किंवा सिमेंट बोर्ड उभा करा, मधले ठोकळे न जळणारे घ्या, आणि खालची-वरची कड उघडी ठेवा. खालून गार हवा शिरते, तापून वरून निघून जाते, मागची भिंत हाताला जेमतेम कोमट लागते. असं कवच असलं की अंतर बरंच कमी करता येतं, पण किती ते पुस्तिका किंवा नियम सांगतील तेवढंच. जमिनीवरही न जळणारा थर हवा, आणि तो दाराच्या पुढे साधारण 45 सेंटिमीटर यायला हवा, कारण दार उघडताना निखारा पुढेच पडतो.

आकाराबद्दल एक सांगतो, कारण इथे लोक हमखास जास्तीचं घेतात. वाळलेलं एक किलो लाकूड साधारण 4 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता देतं. चांगल्या शेगडीतून त्यातली 3 युनिटं खोलीत येतात. म्हणजे 5 किलोवॅटची शेगडी पूर्ण जोमात चालली तर तासाला पावणेदोन किलोच्या आसपास लाकूड लागेल, आणि बेताच्या खोलीला तेवढी ऊब पुष्कळ होते. त्याजागी 10 किलोवॅटची आणली की खोलीची भट्टी होते, मग माणूस झडप बंद करून तिला कोंडतो. कोंडलेली मोठी शेगडी ही माझ्या धंद्याला बरकत देते, तुमच्या धुराड्याला नाही.

कोंडल्यावर काय होतं ते बघा, तुमच्या रात्रभर धुमसण्याच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. लाकूड तापलं की त्यातून डांबरी वाफा निघतात. भरपूर हवा आणि भरपूर उष्णता असेल तर त्या ज्वाळेतच जळतात. हवा तोडली तर न जळता पाइपमध्ये जातात आणि जिथे धूर साधारण 120 अंशांच्या खाली उतरतो तिथे थिजून बसतात. याला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ते भुसभुशीत काजळीसारखं असतं, ब्रशने निघतं. पुढे त्याचे पापुद्रे होतात. आणखी दुर्लक्ष केलं की काळ्या वार्निशसारखा चकचकीत थर चढतो, त्याला ब्रश लागूच होत नाही. थर 3 मिलिमीटर झाला की साफसफाई पुढे ढकलू नका. हा थर पेटला की धुराड्यात 1000 अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. म्हणून झोपायच्या आधी शेगडी कोंडून ठेवू नका, शेवटचं लाकूड नीट जळू द्या.

ओलं लाकूड हेच काम झडप उघडी असतानाही करतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जाळायचं लाकूड 20 टक्क्यांच्या खाली हवं. त्यासाठी आधी फोडा, मग रचा. सालीतून पाणी फार सावकाश जातं, फोडलेल्या अंगातून झपाट्याने. ढीग जमिनीपासून उचलून, वरून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून रचा. एक वर्ष धरून चाला, कठीण जातीच्या लाकडाला दोन. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्याच्या सुया लाकडाच्या टोकाला टोचून काही कळत नाही, टोक सगळ्यात आधी वाळतं. ओंडका मधून फोडायचा आणि ताज्या उघड्या अंगात टोचायच्या. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेले ठणठणीत वाजतात, ओल्यांचा आवाज बसका येतो.

रंगवलेलं, पॉलिश केलेलं, रसायनात भिजवलेलं लाकूड, प्लायवुड, प्लॅस्टिक, घरचा कचरा यातलं काहीही आत घालू नका. समुद्रातून वाहून आलेलं लाकूडही नाही, त्यातल्या मिठातला क्लोरीन लोखंड खातो. आणि पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नको.

पेटवताना जाड तुकडे खाली, त्यावर बारीक, सगळ्यात वर काड्या ठेवून वरून पेटवा. आग खाली उतरत जाते आणि धूर ज्वाळेतूनच वर जातो. झडप पूर्ण उघडी. धुराडं गारठलेलं असेल तर आधी कागदाचा बोळा पाइपच्या तोंडाशी जाळा, ओढ सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर जाऊन वर बघा. तेव्हाही दाट धूर निघत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. काच काळी पडणं हेही त्याचंच लक्षण. नवीन शेगडीच्या पहिल्या दोन-तीन आगी लहान ठेवा आणि खिडक्या उघडा, रंग भाजून वास येतो.

जळणाला लागणारी हवा घरातूनच जाते हे लक्षात राहत नाही. घट्ट बंद घरात स्वयंपाकघराचा मोठा पंखा लावला की तो धुराड्यातला धूरसुद्धा उलटा खेचू शकतो. त्यामुळे शेगडीसाठी हवेची वेगळी वाट ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. हा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. अलार्म शेगडीपासून 1 ते 3 मीटरवर लावा, झोपायच्या खोलीत दुसरा. त्याच्या पाठीवर मुदतीची तारीख असते ती बघा, आतला सेन्सर कायम टिकत नाही. घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर शेगडीशी खटपट करत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टर गाठा. धुराचा अलार्म वेगळा, तोही हवा.

धुराडं पेटलं तर आवाजावरूनच कळतं, विमान डोक्यावरून गेल्यासारखी घरघर येते. दार आणि सगळ्या झडपा बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, अग्निशमन दलाला फोन करा. वरून पाणी ओतू नका, तापलेलं धुराडं तडकतं. आग विझली तरी तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, दगड किंवा सिमेंटवर ठेवा. वर्षातून एकदा धुराडं साफ करून घ्या आणि तेव्हाच दाराची दोरी, म्हणजे दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेला लावलेली दोरी, तपासा. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची, सहज निघाली तर दोरी बदला.

जुनी शेगडी मिळतेय असंही तुम्ही शेवटी लिहिलं आहे. खोलीत अंधार करून आत पेटती बॅटरी ठेवा आणि बाहेरून फिरून बघा, भेगा आणि सुटलेले सांधे लगेच दिसतात. ओतीव लोखंडाला तडा असेल तर घेऊ नका. पुस्तिका मिळत नसेल तर वरची 90 आणि 45 सेंटिमीटरची अंतरं धरावी लागतील, आणि खोलीत तेवढी जागा निघत नसेल तर ती शेगडी सोडून द्या.