मराठीत चुकीच्या अर्थाने वापरले जाणारे कोणते शब्द तुम्हाला सर्वांत जास्त खटकतात?

मजकूर तपासण्याचे काम रोजचेच असल्यामुळे चुकीचे शब्द सतत नजरेखालून जातात, पण सगळेच सारखे खटकत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची बहुतेक चूक वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. ज्या चुकीमुळे दोन निराळ्या गोष्टी निराळ्या शब्दांत सांगण्याची सोयच नाहीशी होते, ती मात्र मला सहन होत नाही, आणि अशा चुकांमध्ये पहिला क्रमांक मी 'आवाहन' आणि 'आव्हान' यांच्या गल्लतीला देतो.

'नागरिकांना मतदान करण्याचे आव्हान' असा मथळा निवडणुका आल्या की कुठे ना कुठे दिसतोच. आवाहन म्हणजे आदराने बोलावणे, विनंती करणे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा गौरी घरी येतात, त्या दिवसाच्या चौकटीत दिनदर्शिकेवर 'गौरी आवाहन' असे छापलेले असते. षोडशोपचार पूजेतला पहिला उपचारही आवाहनाचाच. आव्हान म्हणजे समोरच्याला 'हिंमत असेल तर ये' असे सांगणे. ते पैलवान पैलवानाला देतो, विरोधी पक्ष सरकारला देतो, आणि खटला हरलेला पक्षकार खालच्या न्यायालयाच्या निकालाला वरच्या न्यायालयात देतो. क्रियापदेसुद्धा ठरलेली आहेत: आवाहन करतात, आव्हान देतात. त्यामुळे 'आव्हान केले' असे लिहिलेले दिसले की शब्द चुकला, असे बेलाशक समजावे. एखाद्या उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याला जाहीर चर्चेचे आव्हान दिले आणि त्याच सभेत कार्यकर्त्यांना शांतता राखण्याचे आवाहन केले, अशी बातमी लिहायची झाली तर दोन्ही शब्द लागतात. एकानेच काम भागवणाऱ्याला ती धड लिहिताच येणार नाही.

'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांचेही तसेच आहे. अर्ज नोंदवणे, तपासणे, पुढच्या टेबलावर पाठवणे ही कार्यवाही. नियम मोडणाऱ्याला दंड करणे, निलंबित करणे ही कारवाई. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी नळजोडणीसाठी एका कार्यालयात अर्ज केला होता. त्याचे उत्तर आले, त्यात 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने आपणावर कारवाई करण्यात येत आहे' असे वाक्य होते. कागद हातात घेऊन ते घरी आले आणि म्हणाले, "अहो, पाण्यासाठी अर्ज केला, यात मी गुन्हा कोणता केला?" लिहिणाऱ्याला एवढेच सांगायचे होते की काम सुरू आहे. सरकारी पत्रातला एक शब्द चुकला की त्याची धास्ती अशी माणसाच्या घरापर्यंत पोचते.

याहून वेगळ्या प्रकारचा त्रास हिंदीतून जसेच्या तसे उचललेल्या प्रयोगांचा आहे, आणि त्यात वृत्तवाहिन्यांचा वाटा मोठा आहे. 'आरोपीच्या चौकशीत धक्कादायक खुलासा' असे पडद्यावर झळकते. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस बजावून त्याच्याकडून खुलासा मागवतात, आणि खुलासा समाधानकारक नसेल तर पुढचे पाऊल उचलतात. लपलेली गोष्ट बाहेर आली तर ती उघडकीस येते, तिचा गौप्यस्फोट होतो किंवा तिला वाचा फुटते. इतके शब्द हाताशी असताना 'खुलासा' या शब्दाचा मूळ अर्थ पुसून त्याच्यावर नवा लादण्याचे काहीच कारण नाही.

त्याच वाटेने 'पाणीटंचाईला घेऊन मोर्चा' आला. मोर्चेकरी झेंडे घेऊन जातात, हंडे घेऊन जातात. टंचाई घेऊन कोणी जात नाही. हंडा मोर्चा पाणीटंचाईवरून निघतो, चर्चा आरक्षणाबाबत होते, वाद सीमेवरून पेटतो. 'वरून', 'बाबत', 'विषयी', 'संबंधी', 'पायी' हे सगळे शब्दयोगी प्रयोग एका 'ला घेऊन'ने गिळून टाकले, तर वाद आणि चर्चा यांतला सूक्ष्म फरकही बोथट होतो. 'माझी मदत कर' हेही असेच. ज्याला मदत हवी त्याला मराठीत चतुर्थी लागते, म्हणून 'मला मदत कर'. 'माझी मदत' म्हणजे मी दुसऱ्याला केलेली मदत.

'पगार भेटला', 'माहिती भेटेल का' यावर लोक फार चिडतात. प्रमाण लेखनात माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, हा भेद मी पाळतो आणि लेखी मजकुरात दुरुस्तही करतो. मात्र राज्याच्या अनेक भागांत घरच्या बोलण्यात वस्तूही भेटते, तसेच विदर्भात माणूस 'जेवत आहे' न म्हणता 'जेवून राहिला' म्हणतात. त्या बोलींना स्वतःची परंपरा आहे आणि त्या बोलणाऱ्याला चारचौघांत टोकणे मला असभ्य वाटते.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांपैकी एक मात्र मी सोडत नाही. दर वर्षी २७ फेब्रुवारीला कुठल्या तरी फलकावर 'मराठी भाषा गौरव दीन' असे लिहिलेले असते. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे केविलवाणा. ही चूक होते त्यालाही कारण आहे: खीर, तीळ, गरीब अशा मराठी शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार दीर्घ असतो आणि बोलताना 'दिन'ही तसाच ऐकू येतो. १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांत संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दीर्घत्वाला अपवाद ठेवले आहेत, म्हणून दिन ऱ्हस्व.

'अपरोक्ष' या शब्दाबाबत मी भांडत नाही. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड आणि अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष. वेदान्तात 'अपरोक्ष ज्ञान' म्हणतात ते याच अर्थाने. तरी 'माझ्या अपरोक्ष त्याने घर विकले' असे म्हटल्यावर ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या मनातला उलटा अर्थच कळतो, इतका तो रुळला आहे. मी स्वतः लिहिताना 'माझ्या माघारी' असे लिहितो.