दरवर्षी बायबल वाचायला घेतो आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतो. कसं वाचावं?

प्रार्थना करून वाचायला बसावं, हे तुम्हाला सांगायला नको. पण उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासूनच सुरुवात केली पाहिजे असा काही दंडक नाही. आधी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा घ्या. सोळाच अध्याय आहेत, रविवारी दुपारी सलग वाचून होतात.

मला जास्त खटकलं ते तुम्ही पुढे लिहिलंय ते: मग वर्षभर मोबाइलवर येणाऱ्या रोजच्या एका वचनावरच भागवता. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 (अध्याय 29, ओवी 11) बघा, देवाच्या मनातले हिताचे संकल्प. आमच्याकडे निम्म्या घरांत कॅलेंडरवर हे वचन असतं. ते आहे एका पत्रातलं. बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूद्यांना यिर्मया कळवतो की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, कारण परत यायला सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांतले बहुतेक तोवर हयातही नसणार! दिलासा त्यात आहेच, पण मुलाखतीच्या सकाळी आपण शोधतो तो नव्हे.

ओव्यांचे, म्हणजे वचनांचे, आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या करारातले आजचे आकडे 1551 साली आले. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं ते कैदेतून, तिथे सबंध वाचलं जावं म्हणून. त्यातलं 4:13, ‘मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे’, मुलं परीक्षेच्या पॅडवर लिहितात. त्याच्या आदल्याच ओवीत पौल उपाशी राहायलाही शिकलोय म्हणतो. सुटं वचन तर सैतानालाही पाठ होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, तो येशूला 91वं स्तोत्रच ऐकवतो.

म्हणून महिन्याला एकच पुस्तक घ्या. पहिल्यांदा मोठ्याने, न थांबता वाचा. दुसऱ्यांदा कोण कोणाला आणि कुठल्या अडचणीत सांगतोय ते बघा. वचनांखाली रेघा मारायला पेन्सिल त्यानंतर. दोघंतिघं मिळून वाचलंत तर उत्तम. बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात ताडून पाहिलं होतं.

लेवीय मात्र सोडू नका. आधी इब्री लोकांस पत्र वाचा, म्हणजे लेवीयातले यज्ञ आणि महायाजक कशासाठी ते उमगेल. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा येशूने घेतली ती लेवीय 19:18 मधूनच. लगेच पुढच्या ओवीत दोन जातींच्या सुताचं कापड अंगावर घालू नये असंही आहे. ते आज पाळायचं की नाही, हे तुमच्या पाळकांना बायबल अभ्यासात विचारा. ती संध्याकाळ लवकर संपणार नाही.